वाळूत रोवलेली काठी

बायकोला बरोबर न्यायचं कंपाउंडरच्या मनातही नव्हतं. ते लोढणं डॉक्टरांनी त्यांच्या गळ्यात बांधलं. "वहिनी, रोज तासभर चाललात तर गुडघे चालतील, नाहीतर तेच तुम्हाला घरी बसवतील," असं म्हणून डॉक्टरांनी वर हसत हसत जोडून दिलं, "हे रोज सकाळी खाजणात भटकतातच. जा की त्यांच्याबरोबर!" आता ज्या माणसाच्या दवाखान्यात चौतीस वर्षं बाटल्या भरल्या, पुड्या बांधल्या, त्याला नाही म्हणायचं कसं? कंपाउंडरनी मान डोलावली.

खोटं कशाला बोला, खाजण म्हणजे त्यांचं एकट्याचं राज्य होतं. शेवटच्या गल्लीतलं शेवटचं घर संपलं की खाऱ्या चिखलात वाढणारं गुडघाभर गवत लागायचं. त्यातून वाकडेतिकडे ओहोळ, आणि त्या ओहोळांतून दिवसातून दोनदा समुद्राचं पाणी आत यायचं आणि परत जायचं. खाजण ओलांडलं की पुळण, आणि पुळणीच्या टोकाला, खाडीच्या तोंडाशी, वाळूचा एक लांब दांडा. एकतीस वर्षं कंपाउंडर इथे फिरत होते. आधी दवाखाना उघडायच्या अगोदर घाईघाईत, आणि निवृत्त झाल्यापासून राजासारखे, गळ्यात दुर्बीण अडकवून.

घरात बाहेरच्या खोलीत त्यांचं काचेचं कपाट होतं. दवाखान्यातल्या रिकाम्या बरण्या त्यात ओळीने मांडलेल्या. शंख, कवड्या, समुद्रफेस, खेकड्याने टाकलेली कात, समुद्राने घासघासून गुळगुळीत केलेल्या काचा. प्रत्येक बरणीवर चिठ्ठी, आणि चिठ्ठीवर औषधाच्या बाटलीवर लिहायचे त्याच बारीक, सरळ अक्षरात: काय, कुठे, कधी, भरती किती, वारा कुठून. घरी आलेल्या पाहुण्याला आधी कपाट आणि मग चहा. ज्याला घाई असेल त्याची पंचाईत व्हायची.

बायकोला यातलं काही कळत नव्हतं आणि कळून घ्यायचंही नव्हतं. तिने जन्मभर रफूचं काम केलं. एका मोठ्या लाँड्रीच्या मागच्या खोलीत, खिडकीजवळच्या स्टुलावर बसून. सिगारेटने जळलेले कोट, उंदराने कुरतडलेल्या शाली, खिळ्याला अडकून फाटलेल्या पँटी. कापडाच्याच आतल्या शिवणीतून धागा काढायचा आणि भोक असं बुजवायचं की कुठे फाटलं होतं ते गिऱ्हाइकालाही सापडू नये. खाजण म्हणजे तिच्या मते नवऱ्याच्या पायजम्याला चिखल लागण्याची जागा, बस्स.

आणि अशी ही बाई तिसऱ्या दिवशी चालता चालता खाली वाकली आणि म्हणाली, "अहो, हे कशाचं बक्कल पडलंय का बघा."

ते बक्कल नव्हतं. मुशी माशाच्या अंड्याची पिशवी होती ती, काळी, चामड्यासारखी चिवट, चारही कोपऱ्यांना वळलेल्या शेपट्या, आणि चारही शाबूत. कंपाउंडरच्या कपाटात अशी पिशवी एकच होती आणि तिच्या दोन शेपट्या तुटलेल्या होत्या.

"नशीब असतं एखाद्या दिवशी," कंपाउंडर म्हणाले.

"असेल," बायको म्हणाली आणि पुढे चालायला लागली.

पण नशीब रोज रोज असतं होय? पुढच्याच आठवड्यात तिला काटेरी समुद्रसाळूचं कवच सापडलं. काटे झडलेलं, फिकट जांभळं, पेढ्याएवढं, आणि अख्खं. कंपाउंडरकडे या कवचाचे अकरा तुकडे होते. प्रत्येक तुकड्याला वेगळी चिठ्ठी. अख्खं त्यांनी फक्त पुस्तकात पाहिलं होतं. एवढं करून बायको काय म्हणाली असेल? "छान आहे हो. टाचण्या ठेवायला होईल." आणि खरोखरच तिने त्यात टाचण्या ठेवल्या! शिवणाच्या डब्याशेजारी ते कवच बसलेलं पाहिलं की कंपाउंडरना जेवण गोड लागत नसे.

मग तो लाल पायांच्या टिलव्यांचा थवा. चिखलात चोची खुपसून चरत होता. कंपाउंडरनी तिकाटणं रोवून, त्यावर दुर्बीण चढवून दहा मिनिटं पक्षी मोजले. एकशे बेचाळीस. वहीत लिहिले. बायको शेजारी उभी राहून रुमालाने चष्मा पुसत होती. तो डोळ्यांवर चढवला आणि म्हणाली, "त्या डावीकडच्याच्या पायात हिरवा दोरा कसला?"

दोरा नव्हता, कडं होतं. कुठल्यातरी दूरच्या देशात कुणीतरी त्याच्या पायात घातलेलं, अक्षर कोरलेलं. एकशे बेचाळिसांत एक. कंपाउंडरनी त्या पक्ष्यावरून दोनदा दुर्बीण फिरवली होती.

"तुला दिसतं तरी कसं गं?" त्यांनी विचारलं. आवाजात कौतुक आणायचा प्रयत्न केला, पण ते आलं नाही.

"मी कुठे बघते?" ती म्हणाली. "कापडावरून नजर फिरवताना वीण जिथे चुकते तिथे डोळा आपोआप अडकतो. तसंच आहे हे. तुम्ही शोधता. मी नुसती चालते."

तुम्ही शोधता, मी नुसती चालते! एकतीस वर्षांच्या तपश्चर्येवर बाईने सहज पाणी फिरवलं आणि वर म्हणते कशी, चला, ऊन वाढतंय.

मत्सर हा शब्द कंपाउंडरनी स्वतःशीसुद्धा उच्चारला नाही. ते त्याला पित्त म्हणत. छातीत जळजळ, तोंडाला कडवटपणा, झोप नाही: लक्षणं बरोब्बर होती. चौतीस वर्षं त्यांनी लोकांना जे औषध भरून दिलं तेच आता स्वतः घ्यायला लागले, सकाळ-संध्याकाळ दोन चमचे, जेवणाआधी. बाटली संपली. दुसरी आणली. पित्त जागचं हललं नाही.

रविवारी तर ते उफाळूनच यायचं. रविवारी सकाळी किनारा मंडळाची बैठक असे, धक्क्याजवळच्या जुन्या गोदामाच्या माडीवर. पंधरा-वीस माणसं, सगळी आपापली कामं आटोपलेली, गुडघ्यांना तेल लावून येणारी. शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या एक बाई मंडळाची जाडजूड वही सांभाळत, म्हणून सगळे त्यांना वहीवाल्या बाई म्हणत. आठवड्यात कुणाला काय दिसलं ते त्या रकान्यारकान्यांत लिहून घेत. शेवटचा रकाना मोलाचा: प्रथम कोणी पाहिलं. त्या रकान्यात ज्याचं नाव लागे त्याची मान आठवडाभर ताठ असे. कंपाउंडरचं नाव त्यात शेकड्यांनी होतं. आता पानामागून पान त्यांच्या बायकोचं लागत होतं.

"या वहिनी, या! इथे बसा, वाऱ्याला," वहीवाल्या बाई म्हणायच्या. कंपाउंडरना कुणी वारा विचारत नव्हतं.

एकदा बायकोला बरं नव्हतं म्हणून ते एकटेच गेले. मंडळात दीपगृहावर नोकरी केलेले एक गृहस्थ होते. आयुष्यभर लाटांवरून ओरडून बोलायची सवय, त्यामुळे कानात सांगितलेलंही खालच्या मजल्यावर ऐकू जायचं. ते दारातूनच गरजले, "काय कंपाउंडर, एकटेच? वहिनी नाहीत? मग आज वहीला सुट्टी म्हणायची!"

सगळे हसले. कंपाउंडरही हसले. त्या दिवशी औषधाचे तीन चमचे घेतले.

आता एक गोष्ट सांगायला हवी, कारण सगळं पुढचं तिच्यावर आहे. छोटा सुरय नावाचा एक पक्षी असतो. मुठीत मावेल एवढा, पांढरा, डोक्यावर काळी टोपी, कपाळ पांढरं, पिवळी चोच टोकाशी काळी. उघड्या वाळूत नुसता खळगा करून अंडी घालतो. जुने कोळी सांगायचे की पूर्वी दांड्यावर याची घरटी असत. कंपाउंडरनी ऐकलं आणि त्या पक्ष्याने त्यांना पछाडलं. वीस उन्हाळे त्यांनी दांड्याची वाळू पावलापावलाने तपासली. शेवटी अकरा वर्षांपूर्वी मंडळाच्या वहीत स्वतःच्या हाताने लिहिलं: "छोटा सुरय या दांड्यावर आता वीण करत नाही. खात्रीशीर." खाली सही. लिहिताना हात जड झाला होता. पण लिहून झाल्यावरही दर उन्हाळ्यात ते दांड्यावर जातच राहिले. जगात त्यांना आणखी काही नको होतं. त्या एका घरट्यापुढे, शेवटच्या रकान्यात, आपलं नाव हवं होतं.

बायको बरोबर यायला लागली तेव्हा मंडळाचे नियम तिला शिकवणं त्यांच्याकडेच आलं. त्यांनी शिकवलंही. उन्हाकडे पाठ करून चालायचं. भरतीची वेळ बघितल्याशिवाय ओहोळ ओलांडायचा नाही. जिवंत शंख उचलायचा नाही. घरटं दिसलं तर दोन क्षणांत बाजूला व्हायचं आणि त्याच दिवशी वहीवाल्या बाईंच्या घरी जाऊन सांगायचं, म्हणजे मंडळ लगेच तेवढा भाग बंद करतं. आणि घरट्याची खूण...

इथे ते थांबले होते. घरट्याची खूण हा या कामातला सगळ्यात महत्त्वाचा धडा. उघड्या वाळूवर घरट्याजवळ काहीही उभं करायचं नाही. काठी रोवली की कावळ्याला आयती बसायला जागा मिळते. उघड्यावर बसायला दुसरं काही नसतं, तो तिथेच येऊन बसतो, इकडेतिकडे मान वळवतो आणि अर्ध्या तासात त्याला अंडी दिसतात. म्हणून भरतीची उंची मोजायच्या दूरच्या खांबापासून पावलं मोजायची आणि आकडा लक्षात ठेवायचा, बाकी काही नाही. मंडळातली माणसं हे झोपेतही सांगतील.

"आणि घरट्याची खूण कशी करायची?" बायकोने विचारलं होतं.

"ते सांगेन पुढे. सगळं काय एका दिवसात शिकायचं असतं?" कंपाउंडर म्हणाले. त्या क्षणी त्यांना फार बरं वाटलं. निदान एक गोष्ट तरी अशी होती जी त्यांना माहीत होती आणि तिला नव्हती. पुढे सांगायचं राहिलं ते राहिलंच. खरं तर राहिलं नाही, त्यांनी राहू दिलं.

त्या शुक्रवारी ओहोटी मोठी होती. कंपाउंडर खाजणाच्या कडेला तिकाटणं रोवून एका कोरल पक्ष्याच्या मागे लागले होते. बायको कंटाळून दांड्याकडे गेली. अर्ध्या तासाने ती परत आली ती चक्क पळत. अठ्ठावन्न वर्षांची बाई, गुडघे दुखणारी, चपला हातात घेऊन ओल्या वाळूतून धापा टाकत.

"अहो, चला! आधी चला तुम्ही! दोन अंडी आहेत वाळूत."

कंपाउंडर गेले. दांड्याच्या पाठीवर, भरतीच्या रेषेच्या बऱ्याच वर, शिंपल्यांच्या चुऱ्यात तिने एक वाहून आलेली काठी उभी रोवून ठेवली होती, कमरेएवढी. "परत सापडावं म्हणून," ती म्हणाली. "नाहीतर या वाळूत काय सापडतंय?" काठीपासून चार पावलांवर तिने बोट दाखवलं. कंपाउंडर बघत राहिले. वाळू दिसली. शिंपले दिसले. तिने आणखी खाली वाकून बोट नेलं तेव्हा कुठे दिसली. वाळूच्याच रंगाची, वर राखाडी ठिपके, दोन.

डोक्यावर काहीतरी चिरकलं. त्यांनी वर पाहिलं. पिवळी चोच. पांढरं कपाळ.

एकतीस वर्षं. वीस उन्हाळे. आणि रफूवाली बाई चपला हातात घेऊन फिरायला गेली आणि घरटं बघून आली.

"कोणाची हो?" बायकोने विचारलं. तिचे डोळे चमकत होते. "तुमचा तो पक्षी तर नव्हे?"

"छे!" कंपाउंडर म्हणाले. शब्द तोंडातून निघूनही गेला. "साध्या चिखल्या पक्ष्याची आहेत. ढिगानं असतात. चल, लांब हो, उन्हात अंडी उघडी पडलीत."

"मग वहीवाल्या बाईंना सांगायचं ना आज?"

"चिखल्यासाठी त्यांना कशाला त्रास? रविवारी सांगू."

बायकोचा चेहरा जरासा उतरला. "मला उगाच वाटलं," ती म्हणाली आणि चपला घालायला लागली.

कंपाउंडरच्या डोक्यात तोवर सगळं शिजून तयार झालं होतं. उद्या सकाळी एकट्याने यायचं. घरटं आपण शोधायचं. तडक वहीवाल्या बाईंचं दार वाजवायचं. हिने विचारलंच तर म्हणायचं, तुझं चिखल्याचं होतं, हे दहा पावलं पलीकडचं, वेगळं. हिला काय कळतंय! शेवटच्या रकान्यात नाव आपलं.

आणि काठी? काठी त्यांनी पाहिली होती. नीट पाहिली होती. हात पुढे करून उपटायला किती वेळ लागला असता? पण काठी काढली तर उद्या घरटं सापडणार कसं? भरतीचा खांब पार दांड्याच्या मुळाशी. तिथपासून पावलं मोजत यायचं म्हणजे हिच्या डोळ्यांदेखत, आणि मग ही विचारणार, साध्या चिखल्यासाठी एवढा आटापिटा कशाला. आणि नुसत्या डोळ्यांनी... नुसत्या डोळ्यांनी त्यांना अंडी सापडली नसती. चार पावलांवरून सापडली नव्हती. हे त्यांना कळलं, आणि कळल्यामुळे आणखीच कडू झालं. एका दिवसाचा तर प्रश्न आहे, असं मनाशी म्हणून ते बायकोच्या मागोमाग चालू लागले. काठी तिथेच राहिली.

शनिवारी उजाडताच ते बाहेर पडले. "आज आराम कर, काल पळालीस, गुडघे सुजतील," असं बायकोला बजावून. तिला त्यांच्या काळजीचं बरं वाटलं, आणि ते बघून कंपाउंडर पटकन दाराबाहेर गेले.

दांड्यावर पोचले तेव्हा काठी लांबूनच दिसली. तिच्या टोकावर कावळा बसला होता. निवांत. पिसं साफ करत. कंपाउंडर ओरडले, धावले, वाळूत एकदा गुडघ्यावर पडले, उठले, परत धावले. कावळा उडाला आणि थोड्या अंतरावर जाऊन उतरला. त्याला कसलीच घाई नव्हती. खळग्यात कवचाचे दोन तुकडे होते आणि वाळूला पिवळा ओला डाग. वर आज कोणी चिरकत नव्हतं. त्यांनी बराच वेळ आभाळ धुंडाळलं. नर-मादी दोघंही निघून गेली होती.

मग त्यांनी काठी उपटली आणि समुद्रात भिरकावली. काल करायचं ते आज.

घरी बायको चहा गाळत होती. "काय हो, अंडी बघून आलात?"

"गेली," कंपाउंडर म्हणाले. "भरतीनं नेली."

"अगं बाई!" ती म्हणाली आणि गाळणं तसंच हातात धरून उभी राहिली. "बिचारी." त्यांच्याकडे पाहून म्हणाली, "तुमचा पायजमा फाटलाय गुडघ्याला. काढून ठेवा, बघते."

रविवारी कंपाउंडरना बैठकीला जायचंच नव्हतं. पण न जावं तर बायको एकटी जाणार, हे त्याहून वाईट. दोघं गेली. एकेकाची नोंद झाली. मग वहीवाल्या बाई लाडाने म्हणाल्या, "आणि वहिनी? तुमच्या पोतडीत काय आज?"

"काही नाही हो. शुक्रवारी दांड्यावर दोन अंडी दिसली होती, चिखल्याची. पण भरतीनं नेली."

"चिखल्याची? पक्षी बघितलात?"

"बघितला की. एवढुसा पांढरा. डोक्यावर येऊन ओरडत होता नुसता. चोच पिवळी होती, टोकाला काळ्यात बुडवल्यासारखी."

वहीवाल्या बाईंची पेन्सिल थांबली. दीपगृहवाल्यांनी खुर्ची पुढे ओढली.

"कपाळ?" बाईंनी विचारलं.

"पांढरं."

"आणि घरटं भरतीच्या रेषेच्या किती वर होतं?"

"पुष्कळ वर. तिथे पाणी कसं पोचलं याचंच मला नवल..." बायको बोलता बोलता थांबली.

"वहिनी, खूण काय केली होतीत?"

"काठी रोवली होती. परत सापडावं म्हणून."

"अरे देवा!" दीपगृहवाल्यांच्या तोंडून निघालं, आणि ते खालच्या मजल्यापर्यंत गेलं. "काठी? उघड्या दांड्यावर? वहिनी, कावळ्याला खुर्ची टाकून दिलीत की हो! एवढ्या वर्षांनी छोटा सुरय आला आणि..."

सगळ्यांच्या माना बायकोकडे वळल्या. कुणी रागावलं नव्हतं, पण प्रत्येकाच्या चेहऱ्यावर तेच होतं: नवखी बाई, तिला काय कळतंय. हातातला रुमाल ती नुसता चुरगळत राहिली. कावळा, काठी, अंडी यांचा संबंध तिला त्या क्षणी, सगळ्यांसमोर, एकटीने कळला. महिनाभर कंपाउंडरना जे बघायचं होतं ते हेच होतं. बायको उतरलेली, मंडळ तिच्यावर हळहळणारं. ते आता डोळ्यांपुढे होतं आणि त्यांना वर बघवेना.

"त्यांना बोलू नका," वहीवाल्या बाई म्हणाल्या. "त्या नव्या आहेत. कंपाउंडर, तुम्ही यांना काठीचं सांगितलं नव्हतं का?"

कंपाउंडरनी तोंड उघडलं. पण त्यांच्या आधी बायकोच बोलली.

"सांगितलं असेल हो त्यांनी. ते सगळं नीट सांगतात. माझ्याच ध्यानात राहिलं नसेल."

कंपाउंडर उठून उभे राहिले. का उठले ते त्यांनाही ठाऊक नव्हतं, बसून बोलता येईना एवढं खरं.

"नाही सांगितलं," ते म्हणाले. "तिने विचारलं होतं. मी मुद्दाम सांगितलं नाही. आणि शुक्रवारी काठी मी बघितली होती. घरटं कोणाचं तेही मला कळलं होतं. मी तिला चिखल्याचं म्हणून सांगितलं. काठी काढली नाही, कारण शनिवारी मला परत यायचं होतं, आणि काठीशिवाय ती अंडी मला सापडली नसती. भरतीबिरती काही आली नव्हती. कावळा बसला होता."

दीपगृहवाले खिडकीबाहेर बघायला लागले. वहीवाल्या बाईंनी वहीच्या पानावर हात फिरवला, मग पेन्सिल ठेवून पेन घेतलं आणि नोंद केली. छोटा सुरय, दांडा, दोन अंडी. शेवटच्या रकान्यात बायकोचं नाव. एक रकाना त्यांनी रिकामा ठेवला, घरटं कशाने गेलं याचा, आणि वही कंपाउंडरपुढे सरकवली. कंपाउंडरनी त्यांच्या बारीक, सरळ अक्षरात लिहिलं: "काठी दिसूनही काढली नाही." खाली सही केली.

जिना उतरून दोघं धक्क्यावर आली. पुळणीच्या वाटेने घरापर्यंत वीस मिनिटं. अर्धी वाट गेली. मग चालता चालताच, त्यांच्याकडे न बघता, तिने विचारलं, "का?"

"बघवत नव्हतं," कंपाउंडर म्हणाले.

"काय बघवत नव्हतं?"

"तुला सापडतं ते."

ती थांबली. रडत नव्हती. रागावलेलीही नव्हती, आणि कंपाउंडरना वाटलं, रागावली असती तर बरं झालं असतं.

"शुक्रवारी मी एवढी पळत का आले होते, ठाऊक आहे?" ती म्हणाली. "पाहुण्यांना तुम्ही त्या पक्ष्याची गोष्ट सांगता, ती आत चहा करताना मी शंभर वेळा ऐकली आहे. अंडी दिसली तेव्हा मला वाटलं, तोच असला तर? तर यांचा आनंद मला बघायला मिळेल. म्हणून पळाले. वहीतलं नाव मला कशाला हवंय हो? नुसतं म्हणाला असतात, तर त्याच दिवशी मीच सांगितलं असतं की यांनी शोधलं."



ती पुढे चालायला लागली. रोजच्यापेक्षा भरभर, गुडघ्यांची पर्वा न करता. कंपाउंडर मागे, दहा-बारा पावलांवर. पाणी नुकतंच ओसरलं होतं आणि वाळू ओली होती. मध्येच ती थबकली. खाली वाकली. वाळूतून काहीतरी उचललं, अंगठ्याने त्यावरची वाळू पुसली, तळहातावर धरून क्षणभर निरखलं.

कंपाउंडर घाईने जवळ आले. "काय गं? काय सापडलं?"

"काही नाही," ती म्हणाली. मूठ मिटून तिने ते पिशवीत टाकलं आणि चालू लागली.